लाव्हेलबाईंचं घर कुणी निवडलं?

१

नूला लाव्हेल कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या अंगणात आली, तेव्हा आधी तिला चप्पल दिसली. निळी, लोकरीची, घरात घालायची चप्पल. दगडी जिन्याच्या मधल्या पायरीवर ती एकटीच पडली होती आणि भुरभुर पावसाने चिंब झाली होती. नूलाची नजर पायरी पायरीने खाली आली. तळाशी, खुराड्याला डोकं टेकून, अट्रॅक्टा मल्रेनन पडली होती. एक पाय भलत्याच कोनात वळलेला, ओठ निळे.

नूलाला वाटलं, संपलं सगळं. पण तिने गालाला हात लावला तसे त्या ओठांतून काहीतरी पुटपुटल्यासारखे शब्द आले. नूला धावतच आत फोनकडे गेली.

अट्रॅक्टा आदल्या संध्याकाळीच आली होती. मुलगा जार्लथ, मुलगी ग्रोनिया आणि जावई कॉल्म यांच्याबरोबर, रोसकॉमनच्या शेतावरून, मेच्या सुट्टीत तीन दिवस समुद्राकाठी घालवायला. किलनात्रा हे मेयो जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं एवढंसं गाव. एक धक्का, एक चर्च, दोन पब, आणि पाहुण्यांना ठेवून घेणारी मोजकी घरं. रात्री सगळ्यांनी मिळून मासे खाल्ले होते. उद्या मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, असं अट्रॅक्टा जेवताना म्हणाली होती. ती गोष्ट सांगायची राहून गेली.

तिची धाकटी बहीण डिम्फ्ना फॅलन स्लायगोला राहायची. उभं आयुष्य पोलिसात काढून ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं, आणि बहिणीची मुलं हीच तिची मुलं. फोन आला तसा ती अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसली.

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा अट्रॅक्टाला ऑपरेशनला नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. बाहेर ग्रोनिया खुर्चीच्या टोकाशी बसली होती. ती स्वतः नर्स, वृद्धाश्रमात काम करणारी. रडून डोळे सुजले होते, पण बोलणं नर्सचंच होतं.

"आई गोंधळली, मावशी. परकी जागा, अंधार. तिने टॉयलेट समजून मागच्या जिन्याचं दार उघडलं. मी अशा म्हाताऱ्या रोज बघते. आता तिला एकटीला ठेवता येणार नाही."

संध्याकाळी अट्रॅक्टाने डोळे उघडले. डिम्फ्ना एकटीच जवळ होती. अट्रॅक्टाने तिचं मनगट धरलं. पकड अजून शेतकरणीचीच होती.

"डिम्फ्ना, हे लोक म्हणतायत मला भ्रम झाला."

"तू पड शांत."

"ऐक आधी. भिंतीवर दिवा होता. मी दारावरची पाटी वाचली. टॉयलेट लिहिलं होतं. वाचलं, आणि मगच दार उघडलं."

डिम्फ्ना तिच्याकडे बघत राहिली. हीच बाई रविवारी चर्चमधल्या मिसेला पाद्र्याची चूक मोठ्याने दुरुस्त करायची.

"सोमवारी ते माझी तपासणी घेणार," अट्रॅक्टा म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे का बघायला. तोवर शोधून काढ."

२

नूलाने दुसऱ्या दिवशी सकाळी डिम्फ्नाला वर नेलं. घर जुनं, एके काळी मासे खारवायची वखार होती. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, आणि बोळाच्या टोकाला शेजारी शेजारी दोन दारं. दोन्ही पांढरी, दोन्हींना सारख्याच मुठी. एका दारावर चिनी मातीची पाटी होती, "टॉयलेट". दुसऱ्यावर तशीच पाटी, "खासगी". दोन्ही खिळ्यांना दोरीने टांगलेल्या. डिम्फ्नाने त्या काढल्या, अदलाबदल करून टांगल्या, परत जागच्या जागी लावल्या. चहात साखर ढवळायला याहून जास्त वेळ लागला असता.

"सकाळी पाट्या बरोबर होत्या?"

"अगदी. मी स्वतः बघितल्या. म्हणून तर सगळे म्हणाले, म्हातारीचा घोटाळा झाला." नूलाचा आवाज चिरकला. "डिम्फ्नाबाई, माझ्या घरात असं कधी झालं नाही हो. ते दार मी रोज बंद करते. त्या रात्रीही केलं होतं."

दुसरं दार उघडलं की समोर थेट समुद्राचा वारा. उंबऱ्यापलीकडे लगेच दगडी पायऱ्या, ना कठडा ना काही. वखारीत माल चढवायचा तो जिना. डिम्फ्नाने दार लावलं आणि आतली कडी शोधली. मुठीपाशी काहीच नव्हतं. मग तिने मान वर केली. कडी पार वर, चौकटीला लागून होती.

"नातवंडांनी एकदा दार उघडलं होतं," नूला म्हणाली. "तेव्हापासून मी ती वर बसवून घेतली. पोरांचा हात पोचू नये म्हणून."

नूला स्वतः उंच, चांगली धिप्पाड बाई. डिम्फ्नाने हात उंच करून, टाचा उचलून बघितलं. बोटं कडीला जेमतेम लागली.

अट्रॅक्टा तिच्याहून बुटकी. आणि एवढंच नव्हतं. हिवाळ्यापासून अट्रॅक्टाचा उजवा खांदा आखडला होता आणि डावा कधी धड नव्हताच. ईस्टरला डिम्फ्नाने तिचे केस विंचरले होते, कोट अंगात चढवला होता. वरच्या फळीवरची कपबशी काढायला अट्रॅक्टा चुलीजवळची काठी वापरायची, आणि हे कुणाला कळू नये म्हणून काठी पडद्यामागे ठेवायची.

ही कडी अट्रॅक्टाने काढली नव्हती. तिला ती काढताच आली नसती.

डिम्फ्ना बोळात उभी राहिली. बहीण खरं बोलत होती. याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. कारण त्या रात्री वरच्या मजल्यावर अट्रॅक्टाशिवाय फक्त तिघं होते. जार्लथ, ग्रोनिया आणि कॉल्म.

३

स्थानिक पोलीस ठाण्यावरचा तरुण अधिकारी सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कडी नूलाच लावायला विसरली असेल असं सुचवलं. डिम्फ्नाने वाद घातला नाही. ती धक्क्याकडे गेली. जार्लथ तिथे होड्या बांधायच्या खुंटावर बसून पाण्याकडे बघत होता.

जार्लथ थोरला. बापाच्या मागे शेत त्यानेच सांभाळलं. लग्न झालं नव्हतं, बोलणं कमी, हात मोठे. डिम्फ्नाने त्याला त्या रात्रीबद्दल विचारलं. झोपलो होतो, तो म्हणाला, काही ऐकलं नाही.

"नूला म्हणते तुझ्या गादीवर कुणी निजलंच नव्हतं. चादर जशीच्या तशी."

जार्लथ खाली बघत म्हणाला, "गाडीत झोपलो, मावशी. परक्या गादीवर मला झोप येत नाही. लहानपणापासून. आईला कळलं असतं तर तिने सगळ्यांना सांगून हसवलं असतं."

डिम्फ्नाला खरं तर हसू आलं असतं. पण पुढच्या दाराने गेलेला माणूस पुढच्या दाराने परतही येऊ शकतो. तिने ते मनात ठेवलं आणि दुसऱ्याच गोष्टीकडे वळली. लाव्हेलबाईंचं घर ठरलं कसं?

त्यावर मात्र जार्लथ नेहमीपेक्षा जास्त बोलला. घरी चहाच्या वेळी ठरलं, तो म्हणाला. त्याला टेकडीवरचं हॉटेल हवं होतं, तिथे लिफ्ट होती. ग्रोनियाने एक बैठं घर बघून ठेवलं होतं, पायरी म्हणून नाही, बाथरूमला धरायला दांडे. आई दोन्हींना नाक मुरडत होती. हॉटेल लग्नाच्या वऱ्हाडासाठी आणि बैठं घर मरणाऱ्यांसाठी, असं तिचं मत पडलं. लाव्हेलबाईंचं घरही फोनवर दिसत होतं. ग्रोनिया म्हणाली, ते नको, आई, तिथला जिना तुला झेपायचा नाही. झालं. आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, तिथेच जायचं.

"आईला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती झालीच म्हणून समज," जार्लथ म्हणाला. "तुला मी काय सांगू."

"आणि कॉल्म?"

"तो म्हणाला, मला कुठेही चालेल."

उठता उठता डिम्फ्नाने गुरांची चौकशी केली. दूध काढायला डेअरीचा बदली माणूस ठेवलाय, जार्लथ म्हणाला. शेजारच्या पॅकी कॉनहीला सांगता आलं असतं, पण कुंपणावरून वाद झाल्यापासून त्याच्याशी बोलणं बंद आहे. त्याला आमच्या फाटकात पाऊल टाकू देत नाही मी.

डिम्फ्नाने मान हलवली. उद्या सांगेन म्हणून अट्रॅक्टाने जी गोष्ट राखून ठेवली होती, ती जगात फक्त डिम्फ्नाला माहीत होती. आदल्याच आठवड्यात फोनवर, शाळकरी पोरीसारखा आवाज दबवून अट्रॅक्टाने सांगितलं होतं. पॅकी कॉनहीने तिला हिवाळ्यातच मागणी घातली होती आणि तिने होकार दिला होता.

४

दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कॉल्म भेटला. गोरापान, हसतमुख, सगळ्यांसाठी सूप आणि ब्रेड घेऊन ट्रे सांभाळत येणारा. त्याचा धंदा पर्यटकांचा होता. तळ्याकाठी लाकडी झोपड्या उभारून शहरातल्या लोकांना भाड्याने द्यायच्या. एक जागा त्याने चालवून दाखवली होती, दुसरीसाठी अट्रॅक्टाचा तळ्याकाठचा माळ त्याच्या डोळ्यांसमोर होता. तो माळ ग्रोनियाला मिळणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घर कुणी निवडलं, असं डिम्फ्नाने विचारताच तो हसला.

"मावशी, मी त्या भानगडीत पडत नाही. मायलेकी भांडत होत्या, मी बिस्किटं खात होतो. किलनात्रा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं."

रात्री काही ऐकलं का, यावर तो म्हणाला की तो मेल्यासारखा झोपतो आणि घोरतो, त्यामुळे ग्रोनिया कानात बोळे घालते. मग तो गंभीर झाला. सूप ढवळत म्हणाला, "पॅकी कॉनहीला कुणी कळवलं का? बिचारा वाट बघत असेल."

"पॅकीला कशाला?"

"शेजारी आहे ना. गुरंबिरं बघत असेल."

डिम्फ्ना म्हणाली, कळवू. आणि ब्रेडला लोणी लावत राहिली.

ग्रोनिया मात्र सहज बोलायला तयार नव्हती. पार्किंगमध्ये दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सोमवारच्या तपासणीत तिने डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरवलं होतं. आईला तिच्याच वृद्धाश्रमात आणायचं, रोज डोळ्यांसमोर राहील.

"तिला पाटी वाचलेली आठवते," डिम्फ्ना म्हणाली.

"अशा सगळ्यांना सगळं आठवतं, मावशी. न घडलेलंसुद्धा. तुला वाटतं मला हे हवंय? मी तिला हात जोडले होते. तो मागचा जिना वाईट आहे, दगडी आहे, कठडा नाही, म्हणून सांगितलं. ऐकलं का तिने?"

ती तरातरा निघून गेली. डिम्फ्ना तिथेच थांबली.

जार्लथने सांगताना फक्त जिना म्हटलं होतं. जुन्या घरात जिना असणारच, हे कुणीही म्हणेल. पण मागचा, दगडी, कठडा नसलेला? डिम्फ्नाने गाडीत बसून फोनवर लाव्हेलबाईंच्या घराचे फोटो उघडले. पुढचा निळा दरवाजा. खिडकीतून समुद्र. न्याहारीचं टेबल, बेकन, अंडी, घरचा ब्रेड. गादी, उशा, पुन्हा समुद्र. तिने एकेक फोटो मोठा करून बघितला. मागचा जिना कुठेच नव्हता.

ग्रोनियाच्या बाप्तिस्म्याला तिला पाण्यावर धरलं होतं ते डिम्फ्नाने. ते ओलं, चिडलेलं, ताठ मानेचं गाठोडं. आता त्याच मुलीने तोवर पायही न ठेवलेल्या घराचा जिना डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला होता.

तिने फोन बंद केला आणि गाडी किलनात्राकडे वळवली. जे असेल ते असेल.

५

नूलाने ठाम सांगितलं की ग्रोनिया याआधी तिच्याकडे कधी आली नव्हती. चेहरे आपण विसरत नाही. पण मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आसपास आपण मँचेस्टरला लेकीकडे होतो, तेव्हा दीर फेस्टी घराला रंग देत होता. त्याला विचारा.

फेस्टी लाव्हेल धक्क्यावरच्या पबात होता. जुना मच्छीमार, कान थोडे जड, वेळ भरपूर. डिम्फ्नाने त्याच्यासमोर बसून आधी हवेबद्दल, मग खेकड्यांबद्दल, मग रंगाबद्दल विचारलं. या माणसाला घाई केली तर तो मिटतो, हे तिने पहिल्या वाक्यातच ओळखलं होतं.

हो, आलं होतं एक पाहुणं घर बघायला, फेस्टी म्हणाला. सासूला घेऊन यायचंय म्हणाला, आधी जागा बघतो. त्याला नवल वाटलं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

"इथे येतो तो पहिलं काय विचारतो? समुद्र दिसतो का. मग न्याहारी. मग गाडी कुठे लावू. या गृहस्थाने खिडकीतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. वर गेला, बोळात उभा राहिला. हे दार कुठे उघडतं, रात्री लावता का, कोण लावतं. मी म्हटलं, भला माणूस आहे, म्हातारीची काळजी करतोय."

"गृहस्थ म्हणालात?" डिम्फ्नाने विचारलं. "बाई नव्हती?"

"बाई कशाला असेल? सासूला आणायचंय म्हणाला की. जावई होता."

डिम्फ्नाने ग्लास खाली ठेवला. सुटकेचा श्वास तिने घेतला खरा, पण अर्धाच. जिना कॉल्मने पाहिला असेल तर ग्रोनियाला तो माहीत होण्याचे दोनच मार्ग होते. एक, दोघांनी मिळून हे केलं. दुसरा तिला त्या क्षणी सुचला.

"फेस्टी," ती म्हणाली, "सोमवारी नूला माझ्या बहिणीची बॅग घेऊन हॉस्पिटलात येणार आहे. तुम्ही येता का बरोबर?"

६

सोमवारी सकाळी अट्रॅक्टाच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर यायला अवकाश होता. अट्रॅक्टा उशांना टेकून बसली होती, केस डिम्फ्नाने विंचरून दिलेले. डिम्फ्नाने दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

तिने आधी कडीचं सांगितलं. कुठे होती, किती उंच, आणि अट्रॅक्टाचा हात कुठवर जातो. अट्रॅक्टा खांद्याची गोष्ट उघड झाल्याने रागावली, पण डिम्फ्नाच्या सांगण्यावरून तिने हात वर करून दाखवला. तो छातीच्या वर गेला नाही. ग्रोनियाचा चेहरा बदलला. नर्सला खांदा कळतो.

"म्हणजे दार दुसऱ्या कुणी उघडं ठेवलं," डिम्फ्ना म्हणाली. "पाट्या बदलल्या आणि पडल्यावर परत लावल्या. हे आल्या रात्री सुचलेलं नाही. ज्याने केलं त्याला घर आधीपासून माहीत होतं. म्हणून मी सारखी विचारतेय, हे घर निवडलं कुणी?"

"मीच," अट्रॅक्टा म्हणाली.

"तू निवडलंस, कारण ग्रोनियाने नको म्हटलं. या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे, तुझ्याकडून काही करवून घ्यायचं असेल तर नको म्हणायचं." डिम्फ्ना भाचीकडे वळली. "ग्रोनिया, मागचा जिना दगडी आहे, त्याला कठडा नाही. फोटोत तो दिसत नाही. तू तिथे कधी गेली नव्हतीस. तुला कुणी सांगितलं?"

ग्रोनियाने तोंड उघडलं. मग तिची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"तू म्हणालास," ती म्हणाली, "तुझ्या कुणा ग्राहकाने सांगितलं. आईला तिथे जाऊ देऊ नकोस, म्हणालास."

"सांगितलं असेल एखाद्याने," कॉल्म म्हणाला. हसू अजून चेहऱ्यावर होतं. "मी काळजीच करत होतो ना? मावशी, तुम्ही कुठल्या कुठे नेताय. मी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं."

दारावर टकटक झाली. डिम्फ्ना बाजूला झाली. नूला बॅग घेऊन आत आली, मागून टोपी हातात धरून फेस्टी. त्याने खोलीभर नजर फिरवली, कॉल्मला बघून त्याचा चेहरा खुलला आणि त्याने हात पुढे केला.

"आलात म्हणायचं शेवटी सासूबाईंना घेऊन," तो म्हणाला. "मी नूलाला म्हटलं होतं, तो भला माणूस परत येणार."

कुणीच हललं नाही. फेस्टीचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने गादीवरच्या अट्रॅक्टाकडे बघितलं, आणि हात आपोआप खाली आला.

"गुरं पॅकी बघत नाही, कॉल्म," डिम्फ्ना शांतपणे म्हणाली. "जार्लथ त्याला फाटकात उभं करत नाही. मग पॅकी वाट बघत असेल हे तुला कसं माहीत?"

"कोण पॅकी? कसली वाट?" जार्लथने विचारलं.

अट्रॅक्टाने ताठ बसायचा प्रयत्न केला. "मी पॅकी कॉनहीशी लग्न करणार आहे," ती म्हणाली. "तेच सांगायचं होतं. तुला आवडो न आवडो."

जार्लथ भिंतीला टेकला. डिम्फ्ना पुढे बोलत राहिली, कारण थांबली असती तर तिला पुन्हा सुरुवात करता आली नसती. लग्न झालं की शेतात पॅकीचा हक्क आला. तळ्याकाठचा माळ तर पॅकीच्या कुंपणालाच लागून होता, त्यावर झोपड्या होऊ न द्यायला तो पहिला उभा राहिला असता. पण म्हातारी भ्रमिष्ट ठरली, वृद्धाश्रमात गेली, तर कसलं लग्न आणि कसलं काय.

"कुठून कळलं तुला?" अट्रॅक्टाने जावयाला विचारलं.

कॉल्म उत्तर द्यायच्या बेतात नव्हता. पण ग्रोनिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिच्या नजरेतून सुटायला त्याला वाट नव्हती.

"हिवाळ्यात," तो शेवटी म्हणाला. "माळ बघायला गेलो होतो. हे दोघं तळ्याच्या काठावर. पॅकी गुडघ्यावर बसला होता, उठता येईना म्हणून ही त्याला ओढत होती." मग घाईघाईने, "मला फक्त ती घसरायला हवी होती. एक पायरी, दोन पायऱ्या. लोकांच्या लक्षात आलं असतं की ती एकटी राहू शकत नाही. तिच्याही भल्याचंच होतं."

"तो दगड होता," डिम्फ्ना म्हणाली. "किती पायऱ्या पाडायचं ते दगडाला सांगता येत नाही."

ग्रोनिया अजून हलली नव्हती. बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"पहाटे तू अंथरुणात परत आलास. मला जाग आली. तू म्हणालास, टॉयलेटला गेलो होतो. तुझा सदरा ओला होता, कॉल्म. पाठ नाही, पुढून. मी हात लावला होता. मला वाटलं, नळाचं पाणी उडालं असेल."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तू त्या दारात उभा होतास. पावसात. ती खाली पडलेली बघत."

"मला वाटलं, ती..."

"काय वाटलं? गेली? आणि मग पाट्या लावल्यास आणि येऊन माझ्या कुशीत झोपलास."

जार्लथ भिंतीपासून सुटला तसा डिम्फ्नाने त्याच्या छातीवर हात ठेवला. तो थांबला. तरुण पोलीस अधिकारी बाहेर बाकावर बसला होता. डिम्फ्नाने त्याला सकाळीच फोन करून ठेवला होता. ती दार उघडून बाजूला झाली, आणि कॉल्म तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

७

जबाब ग्रोनियाचाच लागणार होता. फेस्टीने कॉल्मला ओळखलं तरी त्याने फक्त घर बघितलं होतं. कडीवरून कुणाचं नाव निघत नव्हतं. जिन्याची माहिती कुणी दिली, सदरा कधी ओला झाला, हे एकट्या ग्रोनियाला ठाऊक होतं. आणि खोलीत जे कबूल केलं ते वकील आला की कॉल्म नाकारणार, हे डिम्फ्नाने आयुष्यभर बघितलं होतं.

तिने ते ग्रोनियाला लपवाछपवी न करता सांगितलं. घाई नाही, म्हणाली. आज, उद्या, तुला जमेल तेव्हा.

"आज," ग्रोनिया म्हणाली. "उद्या मी त्याच्यासाठी काहीतरी कारण शोधून काढेन."

दुपारभर ती ठाण्यात बसली. डिम्फ्ना बाहेर गाडीत थांबली. एकदा तिला वाटलं आत जावं, पण ती गेली नाही. हे ग्रोनियाने स्वतःच्या तोंडाने, एकटीने करायचं होतं. ग्रोनिया बाहेर आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि रस्ता चकाकत होता. ती गाडीत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत राहिली.

"सोमवारची तपासणी झाली का?" तिने विचारलं.

झाली होती. डॉक्टरने अट्रॅक्टाला पंतप्रधानाचं नाव विचारलं होतं. तिने ते सांगितलं, आणि शिवाय त्याच्याबद्दलचं आपलं मतही सांगितलं. डॉक्टर हसू दाबत बाहेर आला होता.

ग्रोनियाला हसायला आलं आणि मध्येच त्याचं रडं झालं. डिम्फ्नाने गाडी सुरू केली नाही. बऱ्याच वेळाने ग्रोनियाने नाक पुसलं.

"मीच तिला तिथे पाठवलं, मावशी. माझ्या तोंडाने."

"त्याने तुला वापरलं. तुझी काळजी खरी होती, म्हणून तर ते चाललं."

"मी तिला वेड्यात काढत होते. डॉक्टरांपाशी. नर्स असून."

डिम्फ्नाने गाडी सुरू केली.

हॉस्पिटलात परत गेल्या तेव्हा अट्रॅक्टाच्या उशाशी पॅकी कॉनही बसला होता. बुटका, टक्कल पडलेला, चर्चला जायचा सूट घातलेला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जार्लथ हाताची घडी घालून उभा होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण जार्लथनेच त्याला फोन करून बोलावलं होतं आणि खुर्ची आणून दिली होती. आजच्या दिवसाला एवढं पुष्कळ होतं.

ग्रोनिया दारातच अडखळली. अट्रॅक्टाने तिच्याकडे बघितलं.

"रात्री कुठे राहणार आहेस?" तिने विचारलं.

ग्रोनियाला ते अजून सुचलंच नव्हतं. तिच्या आणि कॉल्मच्या घरी तिला जाववणार नव्हतं. ती म्हणाली, बघते, एखादं हॉटेल, नूला म्हणाली होती ये म्हणून, मावशीकडेही...

"घरी जायचं," अट्रॅक्टा म्हणाली. "तुझ्या खोलीत. जार्लथ नेईल. चादर कपाटात आहे, आणि उद्या येताना माझा चष्मा आण."

"आई, मी तुला..."

"माहीत आहे मला तू काय केलंस. ते आपण बोलू. मी बरी झाले की चांगलं दिवसभर बोलू, आणि तू ऐकून घेशील. पण त्यासाठी तू घरी असायला हवीस." तिने ठणकणारा पाय सावरून घेतला आणि श्वास सोडला. "जा आता. अंधार व्हायच्या आत पोचा."

ग्रोनियाने पुढे होऊन आईच्या केसांवर ओठ टेकले. जार्लथने गाडीची किल्ली खिशातून काढली. डिम्फ्नाने बहिणीचं पांघरूण नीट केलं, आणि तिघं बरोबरच खाली उतरले.